समोरासमोर, पण एका पातळीवर

स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेला एक वाक्य वरचेवर ऐकावं लागतं : 'तुमचा मार्ग कन्फ्रन्टेशनचा आहे, समन्वयाचा नाही.' सरकारी बैठकांत ते ऐकू येतं, देणगीदारांच्या बोलण्यात येतं, आणि सासरच्या मंडळींबरोबर आलेले गावातले प्रतिष्ठित गृहस्थ तर खुर्चीवर बसता बसताच ते ऐकवून टाकतात. एरवी इंग्रजीच्या वाटेला न जाणारी माणसंसुद्धा हा एक शब्द मात्र ठासून उच्चारतात. त्यामागचा आरोप सरळ असतो. तुम्ही घरं मोडता. बायकांना भांडायला शिकवता.

या अंकाची जुळवाजुळव चालू असताना मनात आलं, की आरोपाला उत्तर देण्याआधी आरोपाचा शब्दच एकदा तपासून पाहावा. तो आला कुठून, त्याचा मूळ अर्थ काय, आणि आपल्या भाषेत त्याची जागा कोणते शब्द घेतात? हा विरंगुळा म्हणून केलेला उद्योग नाही. या शब्दाच्या व्युत्पत्तीचा दाखला देऊन एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन मुलींच्या समोरचा पडदा काढून घेतला आहे. आणि आपल्याकडे 'तिने प्रतिकार केला नाही' असं म्हणून आरोपींना निर्दोष सोडलं गेलं आहे. म्हणजे शब्दाचा अर्थ कोण लावतं यावर बाईचा न्याय अवलंबून असतो, हे आपण अनुभवलेलं आहे.

मुळापासून सुरुवात करू. लॅटिन भाषेत 'फ्रॉन्स' म्हणजे कपाळ. त्याच्या आधी लागलेला 'कॉन' हा उपसर्ग बहुतेक कोशकार 'कुम' या शब्दाशी जोडतात, आणि 'कुम' म्हणजे सह, बरोबर. तेव्हा शब्दाचा अगदी कच्चा अर्थ निघतो तो 'कपाळाला कपाळ'. मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये 'कॉन्फ्रॉन्तारे' हे क्रियापद जमिनीच्या हद्दीबद्दल वापरलं जाई. एकाच्या शेताची सीमा दुसऱ्याच्या शेताला लागून असणं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, पूर्वेला अमक्याची जमीन, पश्चिमेला तमक्याची, त्याच जातीचा हा शब्द. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला, सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. सतराव्या शतकात त्याचं नाम रूढ झालं तेव्हा त्याचा अर्थ होता, खरंखोटं ठरवण्यासाठी दोन पक्षांना एकमेकांसमोर आणणं.

लक्षात घ्या, यात मारामारी कुठेच नाही. दोन शेतं शेजारी आहेत, दोन माणसं समोरासमोर आहेत, आणि काय खरं ते शोधायचं आहे. युद्धाचा वास या शब्दाला खऱ्या अर्थाने लागला तो विसाव्या शतकात. १९६२ साली क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत रशिया अणुयुद्धाच्या तोंडाशी आले, आणि त्यानंतर दोन राष्ट्रांच्या अशा आडमुठ्या आमनेसामनेला हा शब्द सर्रास वापरला जाऊ लागला. १९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशियाने मलेशियाविरुद्ध न पुकारता चालवलेल्या युद्धाचं नावच 'कॉन्फ्रन्तासी' होतं. म्हणजे बैठकीतले साहेब जेव्हा आमच्यावर हा शब्द टाकतात, तेव्हा त्यांच्या मनात शेताचा बांध नसतो, क्षेपणास्त्रं असतात. समोर मात्र बसलेली असते पोटगीचा अर्ज घेऊन आलेली एक बाई.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत या एका शब्दासाठी कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाची चव वेगळी आहे.

'मुकाबला' घ्या. आज तो कुस्तीच्या आखाड्यातला किंवा सिनेमाच्या पोस्टरवरचा शब्द वाटतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र समोरासमोर ठेवणं, ताडून पाहणं असा आहे. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने जो ग्रंथ लिहिला, ज्याच्या नावातल्या 'अल-जबर' वरून बीजगणिताला युरोपात 'अल्जिब्रा' म्हणू लागले, त्याच नावात पुढचा शब्द 'मुकाबला' हा आहे. समीकरणाच्या दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून सारख्या करण्याच्या रीतीशी तो निगडित आहे. शाळेत आपण सगळ्याजणी हे करत होतो, फक्त त्याला मुकाबला म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

'रुजवात' घ्या. हाही अरबी मुळाचा आणि फारसी दफ्तरी भाषेतून मराठीत मुरलेला. तहसील कचेरीतून एखाद्या कागदाची नक्कल घेतली, तर ती मूळ कागदाशी ताडून पाहिल्याची, म्हणजे रुजवात घेतल्याची, नोंद त्यावर असते. जुन्या व्यवहारात माणसांचीही रुजवात होत असे. एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं, तर दोघांना समोर घेऊन विचारायचं. कामावर हजर होण्याला आपण 'रुजू होणं' म्हणतो, तोही याच घरातला शब्द.

'जाब' हा तर 'जवाब' चाच आखूड झालेला शब्द. जाब विचारणं म्हणजे उत्तर मागणं, इतकंच. त्यात शिवी नाही, हात उगारणं नाही. उलट, जाब विचारणारी व्यक्ती समोरच्याला एक मान देत असते. तू उत्तर देण्याइतका शहाणा आहेस, तुझ्या वागण्याची जबाबदारी तुझ्यावर आहे, असं ती त्याला सांगत असते. 'जबाबदार' या शब्दात तोच 'जबाब' बसलेला आहे, हे आपण विसरून गेलो आहोत.

आणि मला सर्वांत आवडणारा शब्द म्हणजे 'सामोरं जाणं'. पाहुणे आले की आपण त्यांना सामोरे जातो आणि संकट आलं तरी सामोरे जातो. स्वागत आणि संकट, दोन्हींसाठी एकच क्रिया. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट समान आहे. आपण आपल्या पायांनी चालत जातो. कुणी ओढत नेलं तर त्याला सामोरं जाणं म्हणत नाहीत.

या सगळ्या शब्दांतून एकच सूत्र निघतं. ताडून पाहणं, समीकरण मांडणं, उत्तर मागणं, आपल्या पायांनी पुढे जाणं. यांतलं प्रत्येक काम दोन बाजू एका पातळीवर आहेत असं धरून चालतं. खाली बसलेल्याचं कपाळ उभ्या असलेल्याच्या कपाळाला लागत नाही, ते त्याच्या गुडघ्याला लागतं.

नेमका इथेच बाईचा प्रश्न उभा राहतो. पुरुषाने विचारलं तर तो 'जाब' असतो. बाईने विचारलं की तेच 'उलट उत्तर' होतं. तिने विचारलेला तो प्रश्न असतो, तरीही नाव उत्तराचं! संकटाला 'तोंड देणं' हे शौर्य मानलं जातं, पण बाई 'तोंड वर करून' बोलली की ती तोंडाळ, फटकळ, कजाग. तोंड तेच, फक्त ते वर झालं. आपल्या भाषेने बाईच्या मानेचा कोनसुद्धा ठरवून दिला आहे.

आणि कपाळ? लॅटिनमधलं कपाळ दुसऱ्याच्या नजरेला नजर देण्यासाठी आहे. आपल्याकडे बाईचं कपाळ आधीच लिहून भरलेलं असतं. तिथे सटवाईने लिहिलेलं नशीब असतं, नवऱ्याच्या नावाचं कुंकू असतं. नवरा गेला की तिला 'पांढऱ्या कपाळाची' म्हणतात, आणि घरात काही वाईट घडलं की 'कपाळकरंटी'. ज्या कपाळावर तिचं स्वतःचं असं काहीच नाही, ते ती कुणाच्या समोर ताठ धरणार? म्हणूनच मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव त्यांच्या ग्रामसभेने केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा मार्ग घ्यावा असं सांगितलं. ठरावाने प्रथा एका दिवसात जात नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. पण एका गावाने आपल्याच रूढीला समोर बसवून जाब विचारला. कुणाचं घर मोडलं त्यात?

बाईने समोर उभं राहावं की नाही, कसं राहावं, हे दुसऱ्यांनीच ठरवायचं, याची दोन उदाहरणं मला सांगायची आहेत. दोन्ही न्यायालयांतली आहेत. एक आपल्या विदर्भातलं, एक दूर अमेरिकेतलं.

पहिलं आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी तरुण मैत्रिणींसाठी पुन्हा सांगते. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. मथुरा खटला म्हणून आपण तो ओळखतो. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. पोलीस ठाण्यातली रात्र, समोर गणवेशातले पोलीस, आणि त्या पोरीने कपाळाला कपाळ भिडवलं नाही म्हणून तिची संमती धरली गेली! घाबरून गप्प राहणं आणि हो म्हणणं यांतला फरक देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला दिसला नाही.

तो दाखवून दिला चार प्राध्यापकांनी. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यानंतर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं बाईने सांगितलं, तर ते न्यायालयाने गृहीत धरावं, अशी तरतूद झाली. पुढे २०१३ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केलं, की केवळ शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही. नव्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. एका मुलीच्या गप्प राहण्याचा खरा अर्थ कायद्याच्या पुस्तकात लिहिला जायला चार दशकं लागली.

आता दुसरं. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ सालच्या सहाव्या दुरुस्तीने आरोपीला हक्क दिला आहे, की त्याच्याविरुद्धचे साक्षीदार त्याच्या समोर आणले जावेत. कायद्याच्या मजकुरात शब्द हाच, कन्फ्रन्ट. हा हक्क महत्त्वाचाच आहे. कुणीतरी कुठेतरी चहाडी करावी आणि दुसऱ्याला तुरुंगात जावं लागावं, हे आपल्यालाही मान्य नाही. पण आयोवा राज्यातल्या एका खटल्यात तेरा वर्षांच्या दोन मुली लैंगिक अत्याचाराची साक्ष देत असताना त्यांना आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावला होता. आरोपीला त्या अंधूक दिसत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या पडद्यामुळे आरोपीच्या हक्काचा भंग झाला असा निर्णय देऊन शिक्षा रद्द केली. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्यात लॅटिन व्युत्पत्तीच काढून दाखवली. फ्रॉन्स म्हणजे कपाळ, आणि 'कॉन' त्यांनी 'कोन्त्रा' वरून घेतला. कोन्त्रा म्हणजे विरुद्ध.

'सह' की 'विरुद्ध', दोन अक्षरांच्या उपसर्गात केवढा फरक! सत्यासाठी दोघांना एकत्र आणायचं असेल, तर मुलींना बोलता येणं ही पहिली गरज ठरते. एकाला दुसऱ्याच्या विरुद्ध उभं करायचं असेल, तर डोळ्यांत डोळे घालण्याची ताकद ज्याच्यात जास्त तो जिंकतो. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, मेरीलँडच्या खटल्यात त्याच न्यायालयाने भूमिका सैल केली. आरोपीसमोर बोलताना मुलाला जबर मानसिक धक्का बसणार असेल आणि ते त्या त्या प्रकरणात दाखवून दिलं असेल, तर टीव्हीच्या पडद्यामार्फत साक्ष घेता येईल असं ठरलं. पण पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने!

या बाबतीत आपला देश काही पावलं पुढे गेला आहे, हे आनंदाने नोंदवते. २००४ मध्ये 'साक्षी' या संस्थेच्या याचिकेवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा खटल्यांत पीडितेला आरोपीचा चेहरा दिसू नये म्हणून पडदा किंवा तशी व्यवस्था करावी, उलटतपासणीतले घटनेबद्दलचे प्रश्न लेखी घेऊन न्यायाधीशांनी ते सभ्य भाषेत विचारावेत, तिला मध्ये पुरेशी विश्रांती द्यावी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ३६ ने मुलाची साक्ष होत असताना आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये, पण आरोपीला ती साक्ष ऐकता यावी आणि वकिलाशी बोलता यावं, असं बंधन घातलं. २०१३ नंतर फौजदारी प्रक्रिया संहितेतही अठरा वर्षांखालील मुलींसाठी तशी तरतूद आली. आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०८ मध्ये आहे. आरोपीचा उलटतपासणीचा हक्क तसाच राहतो आणि मुलीचा आवाजही राहतो. समोरासमोर असण्याचा हेतू सत्य हा आहे, चेहरे नव्हेत, एवढंच यात मान्य केलेलं आहे. गावोगावच्या न्यायालयांत हे पडदे खरोखर लागतात का, हे मात्र आपल्याला जाऊनच पाहावं लागतं.

हे सगळं मी आमच्या रोजच्या कामाशी जोडून पाहते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला कन्फ्रन्टेशन हे समुपदेशनाचं एक तंत्र म्हणून शिकवलं जायचं. आलेली व्यक्ती बोलते एक आणि करते दुसरं, तर त्यातली तफावत तिच्या लक्षात आणून द्यायची, असा त्याचा अर्थ. तंत्र चांगलं आहे. प्रश्न एवढाच, की समुपदेशन केंद्रात चालत येते बहुतेक वेळा बाईच. मग तफावत कुणाची दाखवायची? 'तू म्हणतेस मारतो, मग राहतेस कशाला?' असा प्रश्न तिलाच विचारायचा? ज्याच्या बोलण्यात आणि वागण्यात खरी तफावत आहे तो नवरा, ज्यांनी 'मुलीसारखी ठेवू' म्हणून नेली ते सासू-सासरे, 'स्त्रीशक्ती' वर भाषण देऊन तक्रार न लिहून घेणारे ठाण्यातले साहेब, हे सगळे त्या तंत्राच्या कक्षेबाहेर सुखरूप बसलेले असतात. तंत्र खरं वापरायचं तर ते तिथपर्यंत न्यावं लागतं.

म्हणून आमच्या केंद्रात दोघांची एकत्र बैठक ही पहिली पायरी नसते. आधी ती एकटी बोलते, पाहिजे तितक्या वेळा. तिला काय हवं ते ती ठरवते. एकत्र बसायचं की नाही, हेही तीच ठरवते. मग तो एकटा बोलतो. कुणी कुठे बसायचं, आधी कोण बोलणार, मध्ये तोडलं तर काय करायचं, हे सगळं ठरवून मगच बैठक. खुर्च्या सारख्या उंचीच्या असतात. हे ऐकून लोक हसतात, पण ज्या घरात ती वर्षानुवर्षं जमिनीवर आणि तो खाटेवर बसलेला असतो, त्या घरातून आलेल्या बाईला खुर्ची सरकवून दिली की तिचा आवाज बदलतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

गावातल्या 'समेटा' त नेमकं उलट होतं. दहा पुरुष, त्यात त्याचे चुलते, आणि मध्ये डोक्यावर पदर घेऊन उभी ती. 'सांग आता सगळ्यांसमोर, काय त्रास आहे तुला?' ती खाली बघते. 'बघा, तिची काही तक्रार नाही.' आणि त्याला म्हणायचं समन्वय! मग त्याच बाईने ठाण्यात तक्रार दिली की ते कन्फ्रन्टेशन! मैत्रिणींनो, हे समोरासमोर आणणं नव्हे, एकटीला घेरणं आहे.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, आणि तो कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा, अंमलात आला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्याच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी दोघांना एकेकट्याने किंवा एकत्र समुपदेशनाला पाठवू शकतात. म्हणजे एकत्रच बसलं पाहिजे असं मुळीच नाही. २००६ च्या नियमांतला १४ वा नियम तर फारच महत्त्वाचा. समुपदेशनात हिंसेचं समर्थन करायला जागाच नाही, आणि हे संबंधितांना आधी सांगितलं पाहिजे, असं तो म्हणतो. 'ती उलट बोलली म्हणून मारलं' हे वाक्य त्या खोलीत चालत नाही. पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातही समेटाचा प्रयत्न करायचा तर तो तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैशावर समेट नाही. कुठलंही पद असलेला माणूस 'आधी दोघं बसून मिटवा ना' असं म्हणाला, की हे कलम त्याच्यासमोर ठेवायचं. शांतपणे. हीसुद्धा रुजवातच.

आणि समोरासमोर व्हायला दर वेळी एका खोलीत बसावं लागतं असंही नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ साली भ्रूणहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये जे पुस्तक छापलं त्याचं नाव 'स्त्री-पुरुष तुलना'. तुलना, म्हणजे तराजूत समोरासमोर ठेवणं! जे दोष बायकांचे म्हणून सांगता ते तुमच्यात नाहीत काय, हा त्यांचा एकच प्रश्न. मुकाबला, रुजवात, जाब, सगळं त्या एका नावात आहे. त्यांनाही लोक तोंडाळच म्हणाले असतील. उत्तर मात्र अजूनही पुरतं आलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'तुमचा मार्ग कन्फ्रन्टेशनचा' म्हणालं, तर बिचकू नका आणि लगेच 'नाही हो, तसं नाही' असंही म्हणू नका. हो म्हणा. आमच्या आणि तुमच्या शेताला एक बांध आहे, तो कुठे आहे ते दोघांनी मिळून पाहायचं आहे, असं सांगा. आम्हाला समन्वय हवाच आहे, पण तो दोन्ही बाजू एका उंचीवर आल्यानंतरचा. त्याआधीच्या समन्वयाला शरणागती म्हणतात. आणि ज्या बाईला आज समोर उभं राहायचं नाही, जिला पडद्यामागून, पत्रातून, वकिलामार्फत किंवा मैत्रिणीच्या तोंडून बोलायचं आहे, तिला 'धीट हो' म्हणून पुढे ढकलू नका. जाब विचारणं हा तिचा हक्क आहे, तिच्यावरची सक्ती नाही. वेळ, जागा आणि सोबत तिने निवडली, तरच ते सामोरं जाणं.

शेवटी एक विनंती. तुमच्या भागात, तुमच्या बोलीत, बाईने जाब विचारला की त्याला काय म्हणतात? वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत, कोकणीत? तिला नावं ठेवणारे शब्द पाठवाच, पण तिची बाजू घेणारा एखादा शब्द, एखादी म्हण आजीकडून ऐकली असेल तर तीही जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यांची एकमेकींशी रुजवात घालू.

सस्नेह,
संपादक मंडळासाठी